पेवातली दारे

मनुष्याच्या अंगातील एकंदर रक्तात साखर किती असते, असे कोणी विचारले तर सुशिक्षित माणसेही पावशेर-अदपावाची भाषा बोलू लागतील. वस्तुतः निरोगी प्रौढ माणसाच्या अंगी सुमारे पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्या साऱ्या रक्तात मिळून चहाच्या एका चमच्याइतकी, म्हणजे अदमासे ५ ग्रॅम, द्राक्षशर्करा असते. आता सणाच्या दिवशी पंगतीस बसलेला गृहस्थ दोन पुरणपोळ्या, वरणभात आणि आग्रहाची म्हणून आणखी अर्धी पोळी इतके जेवून उठला, की त्या चमच्याच्या निदान पंधरा पट साखर आतड्यातून रक्तात उतरण्याच्या वाटेवर असते. तरीही प्रकृती धड असेल तर रक्तातील साखर दीडपटीच्या फारशी पलीकडे जात नाही आणि दोन-अडीच तासांत पूर्वपदावर येते. ही सारी साखर जाते कोठे, आणि मधुमेह झालेल्या माणसाच्याच रक्तात ती का तुंबून राहते, याचा विचार या महिन्यात करावयाचा आहे.

हा विषय घेण्यास दोन पत्रे कारण झाली. एक साताऱ्याहून आले आणि दुसरे सांगलीहून. दोन्ही ठिकाणे कृष्णेच्या खोऱ्यातली, आणि त्या खोऱ्यात ऊस, गूळ व साखर यांची वाण कधीच नव्हती. पाहुण्यापुढे साताऱ्यात कंदी पेढे आणि सांगलीत भडंग ठेवले नाही तर यजमानास चुकल्यासारखे होते. साताऱ्याच्या भगिनी लिहितात की, दुसऱ्या खेपेच्या गरोदरपणात त्यांच्या रक्तात साखर आढळली होती. बाळंतपणानंतर ती गेली आणि आता सहा वर्षांनी पुन्हा सीमेवर येऊन उभी आहे. सासूबाईंना मधुमेह आहेच. डॉक्टरांनी जेवणानंतर चालावयास सांगितले आहे. घरात चौदा माणसे, आणि यांचे पान मांडले जाते ते सर्वांच्या मागून. "दिवसभर पायाला भिंगरी असते, मग निराळे चालणे ते कशाला?" असे मामंजी म्हणतात, आणि ते आपल्यालाही खोटे वाटत नाही, असे त्या प्रांजळपणे लिहितात. सांगलीचे गृहस्थ अंगाने सडपातळ आहेत. त्यांच्या रक्तात इन्शुलिन भरपूर निघाले, तरीही साखर चढलेलीच. औषध अंगातच आहे आणि रोगही अंगातच आहे, हा काय प्रकार, असे ते विचारतात. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. मात्र त्यासाठी पेशीच्या आत शिरावे लागते.

इन्शुलिन हाती येण्यापूर्वी या रोगावर पथ्याखेरीज म्हणण्यासारखा इलाज नव्हता. लोकमान्य टिळकांस मधुमेह होता, आणि १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात त्यांनी तो पथ्यावरच रेटला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले, आणि पुढच्याच वर्षी कॅनडातील टोरंटो येथे बॅंटिंग व बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून रक्तातील साखर उतरविणारा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास तो प्रथम टोचला. पहिली सुई फारशी लागू पडली नाही. कॉलिप याने अर्क अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून मात्र मुलगा सावरू लागला. अशा रीतीने औषध मिळाले, परंतु ते करते काय हे पुष्कळ वर्षे नीट उमगले नव्हते. इन्शुलिन पेशीतील साखर जाळीत असावे, असा सामान्य समज होता. १९४९-५० च्या सुमारास शिकागोच्या लेव्हिन याने एक युक्ती केली. स्नायूंना जी जाळता येत नाही अशी एक निराळीच शर्करा त्याने कुत्र्यांना दिली. इन्शुलिन दिल्यावर तीही रक्तातून निघून पेशींत शिरू लागली! म्हणजे इन्शुलिनचे काम साखर जाळण्याचे नसून तिला आत घेण्याचे आहे, हे ठरले.

येथूनच ‘इन्शुलिन ही किल्ली आणि पेशीचे दार हे कुलूप’ हे रूपक निघाले. दवाखान्यांच्या भिंतींवरील तक्त्यांत ते आढळते आणि डॉक्टरही रोग्याला तेच सांगतात. समजावयास ते सोपे आहे खरे, पण मुख्य गोष्ट त्यात निसटते. कुलूप लावलेले दार भिंतीत असते. येथे दारच भिंतीत नसते.

हे कळले १९८० साली. अमेरिकेत कुशमन व वार्डझाला ही एक जोडी आणि सुझुकी व कोनो ही दुसरी, अशा दोन जोड्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे उंदराच्या चरबीच्या पेशी घेतल्या, त्यांचे बाहेरचे आवरण व आतला ऐवज निरनिराळा केला आणि साखर आत नेणारी दारे कोठे किती आहेत याची मोजदाद केली. इन्शुलिन नसताना बहुतेक दारे आत सापडली. इन्शुलिन दिल्यावर आतली कमी झाली आणि आवरणावरची वाढली. नवी दारे घडविली गेली नव्हती. ठेवलेली होती तीच हलविली गेली होती.

सांगलीजवळच्या हरिपुरास हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीच्या पोटात खणलेल्या या खोल कोठारांत हळद राही आणि भाव आला की वर निघे. पुढे महापुरांनी या पेवांचे फार नुकसान केले, ती गोष्ट निराळी. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशीत असलेच एक पेव असते, फक्त त्यात माल न ठेवता दारे ठेवलेली असतात. ही दारे म्हणजे एक प्रथिन आहे. १९८८-८९ च्या सुमारास ते ओळखले गेले आणि त्याला ‘ग्लूट-४’ असे नाव पडले. ५०९ अमिनो आम्लांची ही एक लांबलचक माळ असून ती पेशीच्या आवरणातून बारा वेळा आरपार ओवलेली असते. या बारा टाक्यांच्या मधून द्राक्षशर्करेचा एकेक कण आत सरकतो. इन्शुलिन नसताना शंभरातील जेमतेम पाच-दहा दारे बाहेरच्या आवरणात बसलेली असतात. बाकीची आत, अतिसूक्ष्म पुटिकांच्या अंगावर. या पुटिकांना आपण बटवे म्हणू. मेंदूच्या पेशींची दारे निराळ्या जातीची असून ती सदा आवरणातच असतात. तसे नसते तर एकादशीच्या दिवशी आपल्याला शुद्धही राहिली नसती.

हे बटवे आवरणात मिसळतात कसे? आमटीवर तरंगणारे तेलाचे दोन थेंब जवळ आले की त्यांचा एक होतो, हे स्वयंपाकघरात रोज दिसते. पेशीचे आवरण व बटव्याची त्वचा ही दोन्ही स्निग्ध द्रव्याचीच असतात. बटवा आवरणाला भिडून त्यात मिळून गेला की बटव्याची त्वचा हीच आवरणाचा तुकडा होते आणि तिच्यातले दार आपोआप भिंतीत बसते. सुतार लागत नाही, खिळा लागत नाही. मात्र तेलाचे थेंब वाटेल तेव्हा एकत्र होतात. पेशीत ही गोष्ट वाटेल तेव्हा होऊन चालणार नाही. म्हणून तिच्यावर प्रथिनांचा कडक पहारा आहे.

मिळणीचे शेवटचे काम ‘स्नेअर’ या कुळातील प्रथिने करतात. त्यांतील एक पेड बटव्याच्या अंगावर असतो आणि तीन आवरणाच्या बाजूस. समोरासमोर आले की हे चार पेड एकमेकांत वळत जाऊन त्यांची घट्ट वेणी पडते, आणि वेणीच्या ओढीने बटवा आवरणावर दाबला जाऊन त्यात विरतो. या वेणीचे महत्त्व पटावयाचे असेल तर धनुर्वात आठवावा. पूर्वी नाळ कापण्याच्या अस्वच्छ हत्याराने कित्येक घरांतली अर्भके हा रोग नेत असे. धनुर्वाताचे विष मज्जातंतूंत शिरून असल्याच वेणीतला बटव्याकडचा पेड कापून टाकते. आवर घालण्याचा निरोप मग स्नायूंपर्यंत पोचत नाही आणि शरीर धनुष्यासारखे ताठते. एका पेडावर जीव असा अवलंबून आहे. पेशीतील ही सारी ने-आण कशी चालते याचा शोध लावल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ या तिघांस २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बटव्यांना पेवापासून भिंतीपर्यंत नेणारी हमाल-प्रथिनेही आहेत. पेशीत सूक्ष्म नळ्यांचे रस्ते असतात आणि त्यांवरून ही प्रथिने अक्षरशः पावले टाकीत ओझे वाहतात. या हमालांपैकी ‘कायनेसिन’ नावाच्या एकावर आपल्या मुंबईत मोठे काम झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रूप मल्लिक व त्यांचे सहकारी यांनी २०१७ व २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत उंदरांच्या यकृतातील चरबीच्या थेंबांचा अभ्यास आहे. जेवणानंतर इन्शुलिन वाढले की हे हमाल थेंबांना लागतात व त्यांना पेशीच्या कडेकडे नेतात. उपासात इन्शुलिन उतरले की हमाल गळून पडतात आणि चरबी यकृतातच थांबते. म्हणजे इन्शुलिनचा हुकूम दारांपुरता नाही, घरातील बऱ्याच वाहतुकीवर तो चालतो. (साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपासात इन्शुलिन उतरत नाही, हे सांगावयास नकोच. साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्ट!)

आता हुकूम कसा पोचतो ते पाहू, कारण रोगाचे मूळ तेथे आहे. इन्शुलिन स्वतः पेशीत येऊन दारे हलवीत नाही. ते बाहेरच, आवरणावरच्या आपल्या ग्राहक-प्रथिनाला बिलगते. तेथून निरोप आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. माडीवरच्या आजोबांनी काही सांगितले की ते काकांकडून काकूंकडे, काकूंकडून धाकट्या दिरांकडे आणि शेवटी गड्याकडे जावे, तसाच हा प्रकार. या साखळीत ‘आक्ट’ नावाचे एक प्रथिन आहे, आणि त्याच्या पुढे ‘एएस-१६०’ नावाचा एक पहारेकरी. बटव्यांना हलविणारी ‘रॅब’ प्रथिने या पहारेकऱ्याने निजवून ठेवलेली असतात. आक्टने त्याच्या अंगावर फॉस्फेटचा शिक्का मारला की त्याची पकड सुटते, रॅब जागी होतात आणि बटवे निघतात. इन्शुलिन उतरले की थोड्याच वेळात दारे पुन्हा बटव्यांत शिरून पेवात परततात.

हा पहारेकरी बिघडला तर काय होते याचे प्रत्यक्ष उदाहरण ग्रीनलंडच्या बर्फाळ मुलखात सापडले आहे. तेथील रहिवाशांत शंभरात सुमारे चार माणसांना आई आणि बाप दोघांकडून या प्रथिनाचा तुटका नमुना मिळालेला असतो. त्यांच्या स्नायूंत दारे पुरेशी उरत नाहीत, जेवणानंतरची साखर चढलेली राहते आणि मधुमेहाचा संभव इतरांच्या सुमारे दहा पट होतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. शेकडो प्रथिनांच्या गर्दीतील एका प्रथिनाची ही गोष्ट.

आपल्याकडच्या मधुमेहात सहसा असा एकच पहारेकरी मोडलेला नसतो. सांगलीच्या गृहस्थांनी येथे लक्ष द्यावे. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात स्नायूंतील ग्लूट-४ दारांची एकूण संख्या बहुधा निरोगी माणसाइतकीच असते, असे तपासणीत दिसून आले आहे. पेव भरलेले असते. निरोप पोचत नाही. साखळीतली पहिली कडी बधिर झाल्यामुळे स्वादुपिंड अधिक मोठ्याने ओरडते, म्हणजे अधिक इन्शुलिन सोडते, आणि म्हणूनच ते रक्तात भरपूर निघते. ओरडून ओरडून स्वादुपिंड थकले की साखर हाताबाहेर जाते. ही बधिरता कशाने येते? स्नायूंच्या पेशीत नको तितकी साठलेली चरबी हे एक कारण असल्याचे अनेक संशोधकांचे मत आहे.

पण सडपातळ माणसात चरबी कोठून आली? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उत्तर देण्यात हयात घालविली आहे. २००४ साली त्यांनी लंडनचे आपले मित्र डॉ. युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, दिसावयास दोघेही सारखेच बारीक. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली! त्यापूर्वी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांचीही त्यांनी मापे घेतली होती. तेथील मुलाचे सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या मुलाचे ३.५ किलो, परंतु आपल्या मुलात कमी असतो तो मुख्यतः स्नायू, चरबी त्या मानाने टिकून असते. स्नायू कमी म्हणजे दारे बसविण्यास भिंतच कमी. तेव्हा आरशात बारीक दिसतो एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांस मधुमेह आणि १५.३ टक्क्यांस त्याची पूर्वावस्था आढळली. दहा-बारा प्रौढांच्या घरात निदान एक असा हा हिशेब आहे.

आता साताऱ्याच्या भगिनींचा प्रश्न. निसर्गाने पेव उघडण्याचा हुकूम एकट्या इन्शुलिनच्या हाती ठेवलेला नाही, ही मोठी आशेची गोष्ट आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की त्याच्या आतूनच दुसरा निरोप निघतो. तो इन्शुलिनच्या ग्राहकाकडे जात नाही. बधिर झालेल्या पहिल्या कड्या टाळून निराळ्या वाटेने पहारेकऱ्यापाशी पोचतो आणि बटवे सुटतात. १९९९ साली मधुमेही माणसांच्या मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे व्यायामापूर्वी व नंतर तपासले, तेव्हा व्यायामाने दारे त्यांच्याही आवरणात येऊन बसलेली आढळली. पुढच्या दाराने निरोप जात नसला तरी मागील दार उघडे आहे, असा याचा अर्थ. मात्र हा परिणाम चालणे थांबल्यावर काही तासांत ओसरतो. पेशीला इन्शुलिन अधिक चांगले ऐकू येऊ लागते ते फार तर पुढचा दिवस-दीड दिवस. म्हणून रविवारी अजिंक्यतारा चढून आलो, आता आठवडाभर सुटलो, असे होत नाही.

मग घरकामाचे काय? मामंजींचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नाही. जात्यावर दळणे, आडाचे पाणी शेंदणे, ओझे घेऊन जिना चढणे यांत मांड्या, पाठ आणि दंड यांचे मोठमोठे स्नायू राबत, व त्यांतून दारे खचित उघडत असत. परंतु हल्ली पीठ गिरणीतून येते, पाणी नळाला येते, वाटण यंत्रात होते. उरले ते ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे. त्याने पाय दुखतात, जीव थकतो. पण दुखणे म्हणजे आकुंचन नव्हे, आणि थकवा हा व्यायामाचा पुरावा नव्हे. शिवाय या बाईंची खरी अडचण वेळेची आहे. साखर चढते ती त्यांच्या जेवणानंतर, आणि त्यांचे जेवण होते सर्वांच्या मागून, रात्री उशिरा. त्यानंतर झाकपाक आणि लगेच अंथरूण. जेव्हा स्नायूंनी हलावयाचे, नेमकी तीच वेळ निजण्याची ठरते. २०१३ साली अमेरिकेत साठीपुढील दहा माणसांवर एक लहानसा प्रयोग झाला. रोज प्रत्येक जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालल्याने दिवसभराची साखर एका दमात पाऊण तास चालण्याइतकीच सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर अधिक चांगली उतरली. आपल्याकडे चेन्नईत मधुमेहाच्या सीमेवरील पाचशेंवर माणसांचा तीन वर्षे अभ्यास करून २००६ साली जे प्रसिद्ध झाले, त्यात नियमित हालचाल व आहारातील सुधारणा यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून अधिक घटले. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात साखर आढळली, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांहून कितीतरी अधिक असतो. या भगिनींच्या बाबतीत म्हणूनच ही चैनीची गोष्ट नाही.

तेव्हा त्या घराला माझे सांगणे स्पष्ट आहे. सूनबाईंनी पहिल्या पंगतीस, सासूबाईंच्या शेजारी बसावे, आणि जेवण आटोपल्यावर दोघींनी मिळून वीस मिनिटे चालावे. गल्लीत, अंगणात, पाऊस असेल तर माजघरापासून सोप्यापर्यंत येरझारा घालाव्या. शतपावलीची चाल आपल्या घरांत जुनी आहे, तशी वामकुक्षीचीही जुनी आहे, आणि दोहोंपैकी सोयीची तेवढी आपण टिकविली. पूर्वजांना ग्लूट-४ ठाऊक होते असे कोणी म्हणू लागल्यास त्याकडे दुर्लक्ष करावे. मात्र शंभर पावले म्हणजे जेमतेम एक-दीड मिनिट, तेवढ्याने भागणार नाही. चालताना गाणे म्हणता येऊ नये पण बोलता यावे, इतका वेग पुरे. त्या वेळात उष्टी-खरकटी काढण्याचे काम घरातील तरण्या मुलांकडे द्यावे. त्यांच्याही स्नायूंत पेवे आहेतच.

सांगलीच्या गृहस्थांसाठी दोन गोष्टी राहिल्या. सायंकाळचे भडंग हे ‘हलके’ खाणे म्हणून ते बिनधोक खातात. चुरमुरे पोटास हलके खरे, पण त्यांची साखर फार झपाट्याने होते, तेव्हा मूठभर खावे आणि जोडीला शेंगदाणे व कांदा अधिक घ्यावा. दुसरे असे की, त्यांनी किंवा अन्य कोणी इन्शुलिनची सुई अथवा स्वादुपिंडास चेतविणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर चालणे वाढविण्यापूर्वी डॉक्टरांस विचारून मात्रा ठरवून घ्यावी. दोन्ही हुकूम एकदम सुटले म्हणजे साखर नको तितकी खाली येते. हातास कंप, दरदरून घाम आणि एकाएकी भूक ही त्याची खूण. अशा वेळी चालणे थांबवून खिशातील तीन-चार चमचे साखर तत्काळ तोंडात टाकावी. मधुमेही माणसाने अनवाणी फिरू नये, आणि रात्री परत आल्यावर तळपाय उजेडात पाहावे. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या मुलाच्या अंगी मात्र हुकूम देणारे स्वादुपिंडच निकामी झालेले असते. त्याची सुई कोणत्याही काढ्यासाठी, चूर्णासाठी किंवा व्यायामासाठी एक दिवसही बंद करू नये.